मातीचा गल्ला, बेलवरचं नाव आणि एक रजिस्टर्ड पत्र: मिलानमध्ये एलपी बदलून घेतली त्याची गोष्ट

एक एलपी विकत घ्यायला मला दहा महिने लागले. १८ फेब्रुवारी २०२२ ला पैसे भरले आणि धड वाजणारी रेकॉर्ड हातात आली १४ डिसेंबरला. मधल्या काळात मी इटालियन ग्राहक कायदा वाचला, पोस्टाच्या खिडकीवर रांग लावली आणि शाळेत शिकवलेलं अर्जलेखन आयुष्यात पहिल्यांदा खरोखर वापरलं. इटलीत राहणारे आपले बरेच लोक ऑनलाइन काहीतरी मागवतात, ते बिघडलेलं निघतं आणि "जाऊ दे, भाषा येत नाही, कोण भांडणार" म्हणून सोडून देतात. मीही सोडणारच होते. म्हणून सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय.

आधी रेकॉर्ड कुठली ते सांगते. रोमच्या एका बँडचा १९७२ चा पहिला अल्बम. बँडचं नाव 'बांको देल मुतुओ सोक्कोर्सो', म्हणजे परस्पर सहाय्य पेढी. आपल्या भाषेत सरळ पतपेढी म्हणा किंवा भिशी. त्या काळच्या इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉक (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) बँडांची नावंच अशी आहेत की वाचताना गावातल्या बाजारपेठेच्या पाट्या वाचल्यासारखं वाटतं. 'प्रेमिआता फोर्नेरिया मार्कोनी' ही बेकरी, 'लोकांदा देल्ले फाते' ही पऱ्यांची खानावळ, 'म्युझिओ रोझेनबाख' हे म्युझियम, आणि 'बिल्येत्तो पेर लिन्फेर्नो' म्हणजे चक्क नरकाचं तिकीट. त्यातली ही आपली पतपेढी. अल्बमवर नाव बँडचंच आहे पण इथे त्याला सगळे 'साल्वादानाइओ', म्हणजे गल्ला, म्हणतात, कारण त्याचं कव्हर चौकोनी नाहीच, मातीच्या गल्ल्याच्या आकारात कापलेलं आहे. कुंभाराकडे मिळतो तो गोल गल्ला, वर पैसे टाकायची फट, आणि त्या फटीतून एक कागदी पट्टी ओढली की बँडमधल्या लोकांचे फोटो बाहेर येतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मिरजेची जत्राच आठवली.

दाखवलं ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं. तो मूळ रोमचा, तेव्हा वय ६३, इथे रिटायरमेंट ६७ ला म्हणजे त्याची अजून चार वर्षं राहिलेली. तोंडावर नावानं हाक मारते, मनात मात्र काकाच म्हणते. काकाकडे १९७२ ची ओरिजिनल कॉपी आहे, तेरा वर्षांचा असताना घेतलेली, पण पट्टी धाकट्या बहिणीनं ओढून ओढून फाडली आणि आता फटीत अर्धाच तुकडा उरलाय. त्यानं लंच ब्रेकमध्ये हेडफोनवर 'आर.आय.पी.' हे गाणं ऐकवलं. युद्धभूमीवर मरून पडलेल्या सैनिकावरचं गाणं. आधी सगळं धावत सुटतं आणि मग एकदम पियानो उरतो आणि फ्रान्चेस्को दि जाकोमोचा आवाज, ऑपेराच्या गायकासारखा भरदार. हा माणूस २०१४ मध्ये कार अपघातात गेला. प्रसिद्ध इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या सिनेमांत छोटी छोटी कामंही केली होती त्यानं, दाढीवाला आणि चांगला जाडजूड. बँडमध्ये दोन भाऊ दोन कीबोर्डवर, व्हित्तोरिओ नोचेन्झी ऑर्गनवर आणि जान्नी नोचेन्झी पियानोवर, आणि दोघं एकमेकांच्या वाटेत न येता कसं वाजवतात हे मला अजून नीट कळलेलं नाही.

ओरिजिनल घ्यायचा विचार केला होता, नाही असं नाही. नाविलिओ ग्रांदे कालव्याच्या काठावर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो तिथे एक कॉपी दिसली, पट्टी नाही, कोपरे झिजलेले, आणि किंमत दोनशेच्या घरात. मी हात जोडले आणि पुढे गेले. मग फेब्रुवारीत कळलं की रीइश्यू, म्हणजे जुन्या अल्बमची नवी आवृत्ती, येतोय, कव्हर तसंच गल्ल्याच्या आकारात, पट्टीसकट, १८० ग्रॅमची, म्हणजे जाड रेकॉर्ड. किंमत २९.९० युरो, पोस्टेज ६.५०. (इथे पुस्तकावर कर ४ टक्के आणि रेकॉर्डवर २२, म्हणजे त्या तिसात पाचेक युरो सरकारचे. काकाचं म्हणणं, दि जाकोमोच्या ओळी पुस्तकात छापल्या असत्या तर साहित्य झालं असतं.) मूळ अल्बम रिकोर्दी कंपनीचा, म्हणजे वेर्दी आणि पुच्चीनीच्या ऑपेरा छापणारं मिलानचं तेच जुनं घर, १८०८ सालचं. १९९४ मध्ये ते बीएमजी या म्युझिक कंपनीनं घेतलं आणि पुढे तो सगळा रेकॉर्डचा खजिना सोनीकडे गेला. आता छोटी लेबलं, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या, लायसन्स घेऊन असे रीइश्यू काढतात. दुकान इटलीतलंच पण दुसऱ्या शहरातलं. नाव लिहीत नाही, कारण शेवटी वागले ते नीटच.

प्रीऑर्डरवर लिहिलं होतं एप्रिल अखेर. एप्रिल अखेरीस मेल आला, जून. जूनमध्ये आला, सप्टेंबरचा मध्य. मला वाटलं फसवलं. काका म्हणाला सगळीकडे हेच चाललंय, आणि वाचून पाहिलं तर खरंच तसं होतं. लॉकडाऊनमध्ये सगळ्या जगाला रेकॉर्डी घ्यायची हुक्की आली आणि त्या दाबून काढणारे कारखाने मोजके. त्यात फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियात एक कारखाना जळाला, ज्यावर पहिली खाच कापतात ती लॅकरची तबकडी बनवणारा. असे कारखाने जगात दोनच होते, राहिला तो जपानमधला. शिवाय ऑगस्टमध्ये सुट्ट्यांमुळे इटलीत पान हलत नाही, पंधरा ऑगस्टच्या आसपास तर माझ्या गल्लीत ब्रेडसुद्धा मिळत नव्हता. तर प्रीऑर्डर करणार असाल तर दिलेल्या तारखेत चार-पाच महिने मनातल्या मनात मिळवा, आणि ऑर्डरचा मेल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मला तो नंतर तीन वेळा लागला.

२१ सप्टेंबरला पार्सल निघालं. २३ ला शुक्रवार, मी मुद्दाम घरून काम करत होते, खिडकीतून कुरियरची गाडी आलेली दिसली, गेलेलीही दिसली, आणि पाच मिनिटांत ट्रॅकिंगवर 'देस्तिनातारिओ स्कोनोशूतो'. म्हणजे या नावाचं इथे कोणी नाही. मी वर तिसऱ्या मजल्यावर बसलेय आणि मी इथे नाही!

आता हे नवीन आलेल्यांनी नीट वाचा. इटलीत पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. रस्त्याचं नाव, बिल्डिंगचा नंबर, बास. कुरियरवाला खाली येतो, बेलच्या पॅनेलवर आडनाव शोधतो, सापडलं तर बेल दाबतो, नाही सापडलं तर गेला. लांब्राते भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पॅनेलवर नाव होतं फक्त माझ्या सिसिलियन रूममेटचं, कारण भाड्याचा करार आधी तिनं केला होता. मी तीन वर्षं कागदाची चिठ्ठी सेलोटेपनं चिकटवून काम भागवलं होतं आणि आधीची पार्सलं ऑफिसात मागवायचे. कोविडनंतर ऑफिसनं खासगी पार्सलं बंद केली आणि चिठ्ठी कुठल्यातरी पावसात धुऊन गेली.

कुरियरच्या फोनवर दीड तास काढला, बहुतेक वेळ संगीत ऐकण्यात. ते म्हणाले पार्सल जमा आहे, पाठवणाऱ्यानं सांगितलं तर पुन्हा देऊ. पाठवणाऱ्याला मेल केला, शनिवार-रविवार मध्ये आला, तोवर पार्सल परतीच्या वाटेला लागलेलं. दुकान म्हणालं पुन्हा पाठवतो पण ६.५० परत भरावे लागतील. भरले. चूक माझीच होती.

मग बेलवर नाव. त्यासाठी सोसायटीच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला मेल करायचा, सोबत कराराची कॉपी, मग तो पाटीवाल्याला सांगणार. सहा दिवस आणि १२ युरो. पाटी आली ती माझ्या आडनावातला एक 'र' खाऊन आली. दुरुस्त करून घेऊ का विचारलं तर तळमजल्यावरच्या पोर्तिनाया (बिल्डिंग सांभाळणाऱ्या) सिन्योरा म्हणाल्या, "अहो, वाचता येतंय ना? मग राहू दे." राहू दिलं. तुमचं नाव पॅनेलवर लागेपर्यंत एक सोपा उपाय आहे, पत्त्यात आपल्या नावाखाली 'प्रेस्सो' लिहून ज्याचं नाव बेलवर आहे त्याचं आडनाव टाका. आपल्याकडे 'द्वारा' लिहितात तसंच. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर साडेसहा युरो आणि तीन आठवडे वाचले असते.

१२ ऑक्टोबरला बुधवारी बेल वाजली. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढला, फार विचार करून नाही, आईला पाठवायला म्हणून. पण पुढे तोच कामी आला, त्यामुळे तुम्ही मुद्दाम काढा. प्लास्टिकचं सील फाडलं आणि कव्हर हातात घेतल्यावर दहा मिनिटं मी रेकॉर्ड बाहेर काढलीच नाही. पट्टी आत-बाहेर, आत-बाहेर. आईनं व्हिडिओ पाहून लगेच विचारलं, "केवढ्याला घेतलास गं हा गल्ला?" मी म्हटलं, तीसला. रुपये म्हणाले नाही, युरो म्हणाले नाही.

साईड ए अप्रतिम. सुरुवातीच्या 'इन व्होलो'मध्ये आरिओस्तोच्या जुन्या महाकाव्यातला आस्तोल्फो आणि त्याचा पंखवाला घोडा येतो, मग 'आर.आय.पी.', मग कोणीतरी चालत येऊन गुणगुणत हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं जुनं वाद्य) वाजवून निघून जावं तसा 'पस्साज्जो', मग 'मेतामॉर्फोझी'. बाजू पालटली. साईड बी वर अठरा मिनिटांचं 'इल जार्दिनो देल मागो', जादूगाराची बाग. दोन-तीन मिनिटांत मला मळमळल्यासारखं व्हायला लागलं. सूर डुलत होता. लांबवलेला सूर आला की वर-खाली, वर-खाली, झोक्यासारखा. मी मिरजेत सतारमेकर गल्लीपासून दोन गल्ल्या सोडून वाढले, दिवसभर कोणीतरी तारा जुळवत असायचं. मला गाता येत नाही पण सूर हलला की दातात खडा आल्यासारखं होतं. आधी वाटलं टर्नटेबलच बिघडलं, सेकंडहँड आहे, असेल. दुसरी रेकॉर्ड लावली, नीट. याच रेकॉर्डची साईड ए परत लावली, नीट. साईड बी, झोका.

मग लाईट लावून सुईकडे बघत बसले. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, डावी-उजवीकडे हलत होता, प्रत्येक फेरीला एकदा. ३३⅓ च्या रेकॉर्डची एक फेरी १.८ सेकंदांची, आणि सुराचा झोकाही तेवढाच. म्हणजे खाचा भोकाच्या मध्याशी एककेंद्री नव्हत्या. रेकॉर्ड दाबताना वरचा साचा आणि खालचा साचा वेगवेगळा बसवतात म्हणून एक बाजू बरोबर आणि दुसरी सरकलेली असं होऊ शकतं. हे आणि वाकलेली रेकॉर्ड यात घोळ करू नका. वाकलेली असेल तर टोनआर्म वर-खाली हलतो, केंद्र सरकलं असेल तर आडवा. तक्रारीत नेमका शब्द लिहिला की समोरचा लगेच गप्प होतो, इटालियनमध्ये म्हणतात 'फोरो देचेंत्रातो'. मी वरून टोनआर्मचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि आवाजाचा वेगळा.

१३ ला दुकानाला साधा मेल केला, व्हिडिओ जोडले, बदलून द्या म्हटलं. १७ ला सोमवारी उत्तर आलं, चार ओळींचं. ग्राहक कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे सीलबंद ध्वनिमुद्रण उघडल्यावर परत घेता येत नाही. कळावे.

च्यायला. कलमच टाकलं म्हटल्यावर माझी हवा गेली. परदेशात राहिलं की कायद्याचा नंबर दिसला की आपोआप पोटात गोळा येतो, सोळा युरोचं तिकीट चिकटवून चिकटवून राहण्याच्या परमिटचे अर्ज भरलेले असतात ना. मी दोन दिवस काही केलं नाही. एका बाजूची रेकॉर्ड म्हणून ठेवून देऊ असंही ठरवून झालं होतं.

काकाला सांगितलं तर तो हसला. म्हणाला कलम बरोबर आहे गं, पण तुझ्या प्रश्नाचं नाही. मग आम्ही कॉफी मशीनजवळ उभं राहून फोनवर कायदा उघडला, २००५ चा २०६ नंबरचा. तर भानगड अशी आहे की ऑनलाइन घेतलेल्या वस्तूबद्दल दोन वेगळे हक्क आहेत आणि दुकानवाले मुद्दाम म्हणा नकळत म्हणा त्यांची सरमिसळ करतात. पहिला 'रेचेस्सो', म्हणजे मन बदललं, नको, चौदा दिवसांत परत, कारण सांगायची गरज नाही. यात सीलबंद रेकॉर्ड उघडली की हक्क संपतो, आणि ते बरोबरही आहे, नाहीतर लोक कॉपी करून परत देतील. दुसरा 'गारांत्सिया लेगाले', म्हणजे वस्तू सदोष असेल तर विक्रेता दोन वर्षं जबाबदार. याला सील उघडण्याशी काही देणंघेणं नाही, अहो, न उघडता रेकॉर्डचा दोष कळणार कसा! आणि जानेवारी २०२२ पासून नियम आणखी बरा झालाय, पहिल्या वर्षभरात दोष दिसला तर तो घेतानाच होता असं धरलं जातं, नव्हता हे सिद्ध करायचं काम विक्रेत्याचं. पूर्वी दोन महिन्यांत कळवायची अट होती, तीही काढली. फक्त एक लक्षात ठेवा, आधी दुरुस्ती किंवा बदली मागायची, पैसे परत हा त्यानंतरचा टप्पा. रेकॉर्डची दुरुस्ती होत नाही म्हणजे बदली. मी पहिल्या मेलमध्ये "बदला नाहीतर परत घ्या" असं लिहिलं होतं, त्या 'परत घ्या'नं त्यांना कलम ५९ ची वाट मोकळी करून दिली.

काका म्हणाला आता मेल नको, रजिस्टर्ड पत्र पाठव, पोच पावतीसह. इथे त्याला 'राक्कोमांदाता आ-एर्रे' म्हणतात. सर्टिफाइड ईमेलही चालतो, त्याला 'पेक' म्हणतात, वर्षाला थोडे युरो पडतात आणि त्याला रजिस्टर्ड पत्राइतकीच किंमत असते, पण माझ्याकडे नव्हता.

पत्र लिहायला बसले आणि मजा आली. इटालियन सरकारी पत्राची भाषा म्हणजे आपल्या आठवीच्या व्याकरणाच्या पुस्तकातला अर्ज. उजव्या कोपऱ्यात कोणाला, मग विषय, मग "मी खाली सही करणारी", मग घटना तारखेनं, मग विनंती, आणि शेवटी 'दिस्तिंती सालूती', म्हणजे आपलं 'आपली विश्वासू'. समोरच्याला 'आपण' म्हणायचं आणि त्या 'आपण'चं पहिलं अक्षर कॅपिटल. आपल्या बाई किती वेळा सांगायच्या, विषय एका ओळीत लिहा, रडगाणं नको. तेच केलं. ऑर्डर नंबर, मिळाल्याची तारीख, दोष साईड बी वर, व्हिडिओ तेरा तारखेच्या मेलला जोडलेत, मी रेचेस्सो मागत नाही, गारांत्सिया लेगालेखाली बदली मागते, पंधरा दिवसांत कळवावे. संतापाचं एक वाक्य घातलं होतं, काकानं पेन्सिलीनं खोडलं.

२४ ऑक्टोबर, सोमवार, लंच ब्रेकमध्ये पोस्टात गेले. योगायोगानं लक्ष्मीपूजन. आईला फोनवर सांगितलं पतपेढीच्या गल्ल्याबद्दल तक्रार करायला चाललेय, तर म्हणाली आजच्या दिवशी पैशावरून भांडू नकोस, आणि उद्या ग्रहण आहे, उद्याही नको. (दुसऱ्या दिवशी खरंच सूर्यग्रहण होतं, मिलानमध्ये भर दुपारी दिसलं.) पोस्टात दारातच मशीन असतं, कामाप्रमाणे अक्षर आणि नंबरची चिठ्ठी निघते. चुकीचं बटण दाबलं तर चाळीस मिनिटांनी खिडकीवर पोचून परत पहिल्यापासून, माझं परमिटच्या वेळी झालंय. पोस्टाच्या अ‍ॅपवरून आधीच नंबर घेता येतो, घ्या. राक्कोमांदाताचा छोटा फॉर्म आणि पोच पावतीचं कार्ड दोन्ही तिथेच मिळतात, पाठवणारा आणि घेणारा दोन्हीकडे स्वच्छ अक्षरात लिहायचं, कारण ते कार्ड फिरून तुमच्याच पत्त्यावर येणार असतं. (बेलवर नाव होतं, देवाची कृपा.) सगळं मिळून सात युरोला थोडे कमी. पावती थर्मल कागदाची, सहा महिन्यांत कोरी होते, बाहेर येऊन लगेच फोटो काढला. संध्याकाळी घरी दोन पणत्या लावल्या आणि साईड ए ऐकली.

कार्ड ४ नोव्हेंबरला सहीसकट परत आलं. ८ तारखेला फोन वाजला, अनोळखी नंबर. दुकानातला माणूस. मी भांडणाच्या तयारीत, आणि तो बिचारा माफी मागत होता. पत्र वाचून त्यांनी स्टॉकमधल्या दोन कॉपी स्वतः लावून पाहिल्या होत्या आणि एकीत तोच झोका निघाला. मेलला उत्तर देणारी माणसं वेगळी, म्हणाला, रेकॉर्ड ऐकणारा मी. मग आम्ही वीस मिनिटं 'जार्दिनो देल मागो'बद्दल बोललो. लेबलकडून दुसऱ्या लॉटमधली मागवतो, जरा वेळ लागेल, आणि कव्हर चांगलं असेल तर ठेवून घ्या, फक्त तबकडी पाठवा, पार्सलवर चिकटवायची पत्त्याची चिठ्ठी आम्ही मेल करतो, खर्च आमचा.

रेकॉर्ड पाठवायची तर ती कधीही कव्हरच्या आत ठेवून पाठवू नका, धक्का बसला की तबकडी कव्हरची शिवण फाडून बाहेर येते. आतल्या पांढऱ्या पाकिटात घालून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, चारी बाजूंनी टेप, आणि पुठ्ठा रेकॉर्डपेक्षा दोन बोटं मोठा. नवीन घेताना दुकानाला ऑर्डरच्या नोटमध्ये हेच सांगता येतं, बहुतेक ऐकतात. ११ नोव्हेंबरला मी तबकडी पाठवली.

मग महिनाभर रिकामा गल्ला शेल्फवर. रूममेटनं एकदा खरंच फटीत वीस सेंटचं नाणं टाकून पाहिलं. डिसेंबरच्या सुरुवातीला मिलानमध्ये सात तारखेला संत आम्ब्रोजोची सुट्टी, आठला दुसरी, नऊला कोणी कामावर येत नाही, त्यामुळे मी अपेक्षाच ठेवली नव्हती. १४ ला बुधवारी संध्याकाळी बेल वाजली आणि इंटरकॉमवर एका माणसानं माझं एक 'र' कमी असलेलं आडनाव अगदी पाटीबरहुकूम वाचलं.

साईड बी लावली. पहिली दोन मिनिटं गाणं ऐकलंच नाही, डोळे टोनआर्मवर. केसभर हलत होता, तेवढं सगळ्याच रेकॉर्डींचं असतं. मग लाईट बंद केला आणि ऐकली. शेवटच्या दोन मिनिटांच्या 'त्राच्चा'पर्यंत सूर जागेवर.

हिशेब सांगते, ३६.४० पहिले, ६.५० माझ्या चुकीचे, १२ बेलवरच्या पाटीचे, ७ पत्राचे, म्हणजे ६२ युरोच्या आसपास, तेव्हाच्या भावानं पाच हजार रुपये. पाटीचे पैसे मी यात धरायला नको खरं तर, ती तीन वर्षांपूर्वीच लावायला हवी होती.

ख्रिसमसच्या सुट्टीआधी गल्ला ऑफिसात नेला. काकानं पट्टी बाहेर काढली, दोन्ही बाजूंनी पाहिली, आणि काही न बोलता परत सरकवली. दुसऱ्या दिवशी मी घराखालच्या झेरॉक्सवाल्याकडून तिची जाड कागदावर रंगीत कॉपी काढून नेली. त्याच्या १९७२ च्या कव्हरच्या फटीत ती जाईना, दोनेक मिलिमीटर रुंद होती. काकानं ऑफिसची कात्री घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि दि जाकोमोच्या दाढीला धक्का न लावता एका बाजूनं कापत बसला.